गंजाडचा चौक: भिंतीवरून कागदावर गेलेल्या चित्राचे प्रकरण

डहाणूहून पूर्वेकडे निघाले की किनाऱ्यालगतच्या चिकूच्या वाड्या मागे पडतात, भातखाचरे आणि सागाची राने सुरू होतात, आणि त्या पट्ट्यात गंजाड हे वारल्यांचे गाव लागते. गाव म्हणजे एका जागी दाटलेली वस्ती नव्हे. शेतांच्या कडेने विखुरलेल्या पाड्यांचा तो समूह आहे. त्यांपैकी कळंबीपाड्याचे नाव फ्रान्स, जर्मनी आणि इटलीतील कलादालनांच्या भिंतींवर लागले, कारण जिव्या सोमा म्हसे हे चित्रकार तिथे राहत होते. या प्रकरणात पाहायचे ते असे की, लग्नघरातील भिंतीवर बायकांनी काढायचे ‘चौक’ हे विधिचित्र सत्तरच्या दशकात कागदावर आले, त्याला किंमत लागली, आणि त्या बदलात गावातल्या कोणाच्या वाट्याला काय आले. ‘बायकांची कला पुरुषांनी हिरावली’ असे एका वाक्यात याचे उत्तर देण्याची पद्धत पडली आहे. ते वाक्य अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे समजून घेण्यासाठी भिंत, भात, कर्ज आणि बाईचा दिवस या चार गोष्टींकडे पाहावे लागते.

आधी भिंत. जुने वारली घर कुडाचे असते. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर माती आणि शेण यांचा गिलावा देतात, आणि लग्नाच्या वेळी ज्या भिंतीवर चौक लिहायचा ती गेरूने सारवून घेतात. अशा घराला खिडक्या जवळजवळ नसतात, त्यामुळे आत बाराही महिने अंधूक असते आणि तांबूस पार्श्वभूमीवरचा पांढरा रंग त्या अंधारातही उठून दिसतो. तांदूळ भिजवून वाटायचा, पाण्यात पातळ करायचा, आणि बांबूच्या काडीचे टोक चावून तिचा कुंचला करायचा, एवढेच साहित्य लागते. काम जवळून पाहिले तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. ओली रेघ भिंतीवर जवळपास दिसतच नाही. ती सुकेल तसतशी पांढरी होत जाते. म्हणजे काढणारी बाई आपण आत्ता काढलेली रेघ पाहून पुढची काढत नाही, तर हाताच्या अंदाजावर पुढे सरकते, आणि मागची ओळ उजळते तेव्हा तिचा हात दुसऱ्या कोपऱ्यात पोहोचलेला असतो. काडीत पीठ फार वेळ टिकत नाही, म्हणून रेघ लांब ओढता येत नाही; चित्रातले तुटक, आखूड फटकारे त्यातूनच येतात. शेणमातीची भिंत ते पाणी शोषून घेते आणि पीठ धरून ठेवते. पुढे जे घडले त्यात या शोषून घेण्याला बरेच महत्त्व आहे.

चौकाच्या मधोमध पालघट देवी असते. भोवती नक्षीच्या पट्ट्यांची चौकट, बाहेर चंद्र, सूर्य, झाडे, शिडी, फणी, वाजंत्री आणि वरात. शेजारी लहान देवचौक, त्यात पंचशिऱ्या हा देव. चौक लिहितात त्या सवाष्णी; धवलेरी ही लग्न लावणारी बाई गाणी म्हणते आणि विधी चालवते; भगताचे काम वेगळे. चौकाशिवाय लग्न लागत नाही. हे चित्र घर सजवण्यासाठी नसते. पालघट पिकाची आणि संततीची देवी आहे, तिला घरात आणल्याशिवाय नवे घर उभे राहत नाही, अशी त्यामागची धारणा आहे. लग्न उरकले की चित्राचे काम संपते. मग ते चुलीच्या धुराने काळवंडते, पोपडे धरते, आणि पुढच्या सारवणात जाते. या कलेचे वय हजारो वर्षांत सांगणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे की, जे चित्र मुळात टिकवायचेच नव्हते त्याचा जुना नमुना हाती लागणे अवघड असते, आणि मध्य भारतातील प्रागैतिहासिक गुहाचित्रांतल्या आकृत्या तशाच दिसतात हा वंशावळीचा पुरावा होत नाही.

आता लग्न आणि कर्ज. आज चौकाकडे आनंदाची खूण म्हणून पाहिले जाते, पण डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यात लग्न हीच वारल्यांच्या गुलामीची सुरुवात असे. लग्नापुरते थोडेसे पैसे जमीनदाराकडून घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा कधीच नाही, नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभेने १९४५ मध्ये जो लढा उभारला, त्यात वेठ आणि लग्नगडी पद्धत बंद करणे या मुख्य मागण्या होत्या. ज्यांना खर्च झेपत नसे ती जोडपी विधी न करताच संसार थाटत आणि पुढे कधी तरी, काही वेळा स्वतःच्या मुलांच्या लग्नाबरोबर, आपले लग्न लावून घेत. तेव्हा ‘पूर्वी घराघरांत भिंती चित्रांनी भरलेल्या असत’ हे चित्र जरा बेतानेच घ्यावे. चौक लिहिला जाण्यासाठी घरात लग्न लागावे लागे, आणि लग्न लागण्यासाठी पैसे. कलेच्या पुस्तकांत हा भाग एखाद्या तळटीपेत जातो. माझ्या मते तो पहिल्या पानावर हवा, कारण पुढे कागदावरच्या चित्राला पैसे मिळू लागले तेव्हा या गावाने ते किती चटकन स्वीकारले, याचे कारण त्यातच आहे.

जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ चा. आई लहानपणीच गेली, त्या धक्क्याने मुलाचे बोलणे थांबले, आणि तो जे सांगायचे ते धुळीत रेघा ओढून सांगू लागला, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. निश्चित आहे ते एवढे, की पुढे ते असे काही करू लागले जे गावात आधी कोणी केले नव्हते: लग्न नसताना, विधी नसताना, रोज चित्र काढणे. पुरुषाने काढणे हा त्यातला दुय्यम भाग आहे. मोठा बदल हा की चित्राचा प्रसंगाशी असलेला संबंध सुटला.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार सरकारी हस्तकला विभागाच्या कामानिमित्त या भागात आले आणि इथे रमले. त्याआधी, १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात, सरकारी हस्तकला क्षेत्राची धुरा सांभाळणाऱ्या पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिलेत पाठवले होते. तिथल्या बायका भिंतींवर जी चित्रे काढत ती त्यांनी कागदावर काढावीत आणि विकून चार पैसे मिळवावेत, हा त्यामागचा हेतू होता. तीच युक्ती त्यांनी डहाणूत आणली. कागद वाटला, गेरू आणि शेणाचा हात दिलेला कागद भिंतीसारखा दिसू लागला, पांढऱ्या रंगात डिंक मिसळला की रेघ टिकू लागली. १९७५ मध्ये म्हसे यांची चित्रे मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत लागली. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील मोठ्या जागतिक प्रदर्शनात ते होते. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंतासोबत त्यांचे संयुक्त प्रदर्शन झाले. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. बाळू आणि सदाशिव हे त्यांचे मुलगेही चित्रकार आहेत.

आता याच प्रकरणातला सर्वांत बोलका मुद्दा. तोच माणूस, म्हणजे भास्कर कुलकर्णी, तोच कागद, मूळ प्रघातही तोच, म्हणजे लग्नाच्या निमित्ताने बायकांनी भिंतीवर काढायचे चित्र. आणि तरीही निकाल उलटा. मिथिलेत जी नावे पुढे आली ती बायकांची: जगदंबा देवी यांना १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, सीता देवी यांना १९८१ मध्ये, गंगा देवी यांना १९८४ मध्ये. डहाणूत पहिले नाव पुरुषाचे आले आणि नंतरची बहुतेक नावेही पुरुषांचीच. म्हणून ‘बाजार आला की बायका मागे पडतात’ हा सरधोपट नियम इथे पुरत नाही.

मला यामागची कारणे बाईच्या दिवसात दिसतात. मिथिलेत सुरुवातीला कागद घेणाऱ्या बायका बहुतांशी ब्राह्मण आणि कायस्थ घरांतल्या होत्या. त्या घरांत बायकांनी मजुरीसाठी बाहेर पडण्याला बंधन होते, त्यामुळे अंगणात बसून पैसे मिळवून देणारे कोणतेही काम त्यांच्या वाट्याला येणे सोपे होते. पडद्याची जाचक रूढी इथे विचित्र रीतीने उपयोगी पडली. वारली बाई पडद्यात नाही. ती शेतात आहे, रानात आहे, मजुरीवर आहे. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले वेचायची, वैशाखात राबाची तयारी करायची, म्हणजे फांद्या, पालापाचोळा आणि शेण शेतात पसरून भाजायचे, पावसाबरोबर पेरणी आणि मग आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, आश्विन-कार्तिकात कापणी आणि झोडणी, आणि ज्यांना पुरेसे भात होत नाही त्यांनी दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर जायचे ते थेट पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचे. पाणी आणि सरपण रोजचेच. या वर्षात सलग बसून कागदावर बारीक रेघा ओढण्याची जागा कुठे आहे? भिंतीवरच्या चौकाला ती अडचण नव्हती, कारण लग्न हे गावानेच काम थांबवण्याचे निमित्त असे; अनेक जणी मिळून बसत आणि चौक उरकत. कागदाला सुट्टी कोणी देत नाही. पुरुषही राबतोच, पण त्याच्या कामात शेतीचा हंगाम संपल्यावर एक सैल पट्टा येतो. बाईच्या कामात पाणी, चूल आणि मूल धरून तो येत नाही.

दुसरे कारण रस्त्याचे. विधिचित्राला गिऱ्हाईक नसते. कागदी चित्राला ते असते, आणि ते मुंबईत असते. चित्रे गुंडाळी करून डहाणू स्थानक गाठणे, गाडीने शहरात जाणे, मराठीत आणि पुढे मोडक्या हिंदीत दर बोलणे, रात्री कुठे तरी मुक्काम करणे, हे पुरुषाला जमण्यासारखे होते. गावातल्या बायका घरात चित्राला हात लावत नव्हत्या असे मुळीच नाही. गेरूचा हात देणे, चौकटी भरणे, पार्श्वभूमीची पाने आणि दाणे घालणे हे काम घरातले सगळेच करतात, पण खाली सही एकाची असते आणि सही करणारा बहुधा तोच असतो ज्याने गिऱ्हाईक पाहिलेले असते. मला सर्वांत आक्षेपार्ह वाटते ती ही सही. कलेचे स्वरूप बदलले यापेक्षा कामाचे श्रेय एका नावात गोळा झाले, हे नुकसान अधिक ठोस आहे आणि ते भरून काढण्याजोगेही आहे. अलीकडे स्वतःच्या नावाने चित्रे विकणाऱ्या वारली चित्रकर्ती पुढे येत आहेत, त्या अर्थी दार बंद नव्हते. ते उघडायला फार वर्षे लागली.

कागदाने चित्रात काय आणले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. चौकात मधली जागा देवीची असल्यामुळे बाकीचे जग कडेला उभे असते. कागदावर देवी नसते, म्हणून कडेचे जग मध्ये सरकले: कापणी, मासेमारी, कणसरी या धान्यदेवीची गोष्ट, मुंग्यांची रांग, ताडावर चढणारा माणूस, झाडाखालची कोंबडी. म्हसे यांची मासे पकडण्याच्या जाळ्याची चित्रे प्रसिद्ध आहेत. त्यांत कागदाचा बहुतेक भाग जाळेच व्यापते, ते असंख्य बारीक फटकाऱ्यांनी विणलेले असते, आणि काठावरची माणसे इतकी लहान की आधी जाळे हलल्यासारखे दिसते आणि मग ती दिसतात. भिंतीवर हे काढता आले नसते. काडी, पीठ आणि एका दिवसाची मुदत यांत एवढी बारीक जाळी बसत नाही. त्यामुळे कागदावरचे चित्र ही भिंतीवरच्या चित्राची पातळ झालेली नक्कल आहे, हा विद्वत्तेचा सूर मला पटत नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीला दुसरीच्या मापाने मोजले की दोन्हींचे नुकसान होते.

तारप्याच्या नाचाचे उदाहरण इथे घेता येईल, कारण ते चित्र आता सगळ्यांच्या परिचयाचे आहे. तारपा दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा केलेला, लांब तोंडाचा वाजंत्र. नवे भात निघाले की तो वाजू लागतो. वाजवणारा मध्ये, नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती. तो सूर बदलतो तशी पावले बदलतात आणि नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत. चित्रात याचा शंखाकार फेर होतो. चहाच्या कपापासून सरकारी कार्यालयाच्या कुंपणभिंतीपर्यंत जिथे तिथे छापलेला फेर पाहिला, तर त्यात पुष्कळदा तारपेवाला सापडतच नाही, किंवा नाचणारे त्याच्याकडे पाठ करून उभे असतात. काढणाऱ्याने नाच पाहिलेला नसतो, दोन त्रिकोणांचा माणूस तेवढा उचललेला असतो. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याची मर्यादा समजून घेतली पाहिजे. मानांकन नावाला संरक्षण देते: या प्रदेशात, या परंपरेत न झालेली वस्तू त्या नावाने विकू नये. त्रिकोणांच्या आकृतीवर ते कोणाचा मालकीहक्क प्रस्थापित करत नाही. नाव न लावता तीच आकृती कापडावर छापणाऱ्या कारखान्यापुढे गंजाडचा चित्रकार या कागदाच्या बळावर फारसे काही करू शकत नाही. मानांकन मिळाल्याच्या बातमीत जितका उत्साह होता त्याच्या तुलनेत प्रत्यक्ष उपयोग मर्यादित आहे, असे स्पष्ट म्हणायला हवे.

आता प्रकरणाची सध्याची बाजू, जिच्याकडे कलादालनांचे लक्ष नाही. चौकाला खरा धोका कागदाचा कधीच नव्हता. कागद आला तरी लग्ने लागत होती आणि चौक लिहिले जात होते. बदलते आहे ती भिंत. कारवी पूर्वीसारखी सहज आणता येत नाही, कुडाचे घर दर वर्षी डागडुजी मागते, पावसात गळते, त्यात विंचूकाटा असतो. पक्के घर मिळत असताना कुडात राहा असे कोणाला सांगण्याचा अधिकार बाहेरच्या कलाप्रेमीला नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान २५ चौरस मीटरचे घर आणि सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपयांचे साहाय्य आहे. आदिवासींसाठी राज्याची शबरी घरकुल योजनाही आहे. घर विटांचे, गिलावा सिमेंटचा, त्यावर तयार रंग. आणि या भिंतीवर तांदळाचे पीठ धरत नाही. ते शोषले जात नाही, सुकले की खपली धरून गळते. मग दुकानातला पांढरा रंग आणि विकतचा ब्रश येतो; त्या रंगाची ओली रेघ लगेच दिसते, ती हवी तेवढी लांब ओढता येते, आणि हाताच्या अंदाजाने काम करण्याचे जे शिक्षण मुलगी आईशेजारी बसून घेत असे त्याची गरज उरत नाही.

यावर उपाय फार मोठा नाही. आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत स्थानिक साहित्य आणि स्थानिक पद्धतीचे आराखडे यांना जागा आहे. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार या तालुक्यांसाठी वारली घराचा जो आराखडा द्यायचा त्यात आतली एक भिंत, चुलीच्या बाजूची सोडून, सिमेंटच्या गिलाव्याऐवजी शेणमातीच्या लेपाची ठेवता येईल. ती भार न घेणारी आडभिंत असली तर मजबुतीचा प्रश्न येत नाही, ती घराच्या आत असल्याने पाऊस लागत नाही, आणि लेपाचे काम घरातल्याच बायकांना येते, त्याची मजुरी घरकुलाच्या मजुरीत धरता येईल. ती भिंत हवी की नको हे घरमालकिणीने ठरवावे; आज मात्र तिला तसे विचारले जात नाही, कारण आराखडा तिच्यापर्यंत तयार होऊनच येतो. चित्रे विकत घेणाऱ्या संस्थांनाही एवढे करता येईल की, पावतीवर आणि चित्राच्या मागे काम करणाऱ्या सगळ्यांची नावे लिहून मागावीत आणि रक्कम त्या प्रमाणात वेगवेगळ्या खात्यांत भरावी. वीटभट्टीचा मुकादम नवराबायकोचा हिशेब जोडीवर धरतो आणि उचल पुरुषाच्या हाती देतो. चित्राच्या व्यवहारात तरी तो रिवाज पाळण्याचे कारण नाही.